'ऊन'ला जुळणारे शब्द शोधताना

१६ एप्रिल २०२३, रविवार. गावाहून अकोल्याला परत यायला दुपारच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. समोर आमचं शेत, नांगरून पडलेलं, आणि कडेला बाबा. त्या वेळी शेतात काही काम नव्हतं. तरी ते उभे होते, डोक्याला दुपट्टाही न बांधता. गाडी यायच्या आत मोबाईलवर एक ओळ लिहिली गेली.

बाप उभा बांधावर अजुनी डोक्यावरती ऊन

आयुष्यात लिहिलेली ही पहिली बरी ओळ. तिला पुढची ओळ मिळायला दोन महिने लागले आणि गझल पुरी होऊन छापून यायला सात. मधल्या काळात मी इंटरनेटवर 'ऊनला यमक' असं किती वेळा शोधलं याचा हिशोब नाही. जे मिळालं ते तुटक होतं. म्हणून तारखा, खर्च आणि चुका यांच्यासकट सगळं इथे लिहून ठेवतोय. कुणी अशाच एखाद्या आखूड शब्दापाशी अडकलं असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी अडचण नेमकी काय होती ते सांगतो. 'ऊन' लिहिताना दोन अक्षरं, पण बोलताना एकच झटका. शब्द लांब असला की त्याच्या शेपटीला काहीतरी जुळवता येतं. इथे शेपटीच पूर्ण शब्द आहे. 'न' जुळून भागत नाही, आधीचा दीर्घ 'ऊ'ही तसाच्या तसा हवा. गझलेत या कायम राहणाऱ्या स्वराला अलामत म्हणतात आणि यमकाच्या शब्दाला काफिया. अमरावतीच्या सुरेश भटांनी नवख्यांसाठी लिहिलेली 'गझलेची बाराखडी' वाचली तेव्हा हे शब्द मला पहिल्यांदा कळले. गझलेची पहिली द्विपदी म्हणजे मतला, तिच्या दोन्ही ओळींना काफिया लागतो. पुढच्या प्रत्येक शेरात, म्हणजे द्विपदीत, फक्त दुसऱ्या ओळीला. किमान पाच शेर. म्हणजे 'ऊन' धरून मला सहा शब्द हवे होते. सहाच तर, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना साठ रुपयांची दोनशे पानी वही घेतली. रद्दीच्या दुकानात एक जुना मराठी शब्दकोश दीडशे रुपयांना मिळाला, तोही घेतला. (कोशाचा यमकाला थेट उपयोग होत नाही, कारण तो शब्दाच्या पहिल्या अक्षरावर लावलेला असतो आणि आपल्याला शेवटचं अक्षर हवं असतं. तरी तो जवळ असावा. सापडलेल्या शब्दाचा अर्थ आणि ऱ्हस्वदीर्घ तपासायला लागतो.) पहिल्या रात्री अर्ध्या तासात वहीचं पान भरलं. करून, बसून, येऊन, जाऊन, पाहून, हसून, रडून, घरून, दुरून, पुण्याहून, पाण्यातून. साठेक शब्द झाले आणि मी समाधानाने झोपलो.

सकाळी तेच पान पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की यात शब्द एकच आहे. 'करून'मधला 'ऊन' आणि 'हसून'मधला 'ऊन' हा तोच प्रत्यय, आणि 'घरून', 'पुण्याहून' हे पंचमीचे. मराठीत कुठल्याही धातूला 'ऊन' लावा, यमक तयार. सगळी भाषाच 'ऊन'ने संपते म्हटलं तरी चालेल. पण बापाच्या डोक्यावरचं ऊन आणि 'बसून'च्या शेवटी येणारं ऊन एकमेकांसमोर ठेवलं की पहिलं ऊन विझतं. कानाला यमक मिळतं, मनाला काहीच मिळत नाही.

हे मला जाणवत होतं, पण खात्री नव्हती. म्हणून ७ मेला, रविवारी, शाळेतल्या मराठीच्या सरांकडे गेलो. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, राहतात मूर्तिजापूरला. येण्याजाण्याचे एकशे दहा रुपये. सरांनी वही उघडली, पान वरून खालपर्यंत वाचलं, आणि पेन्सिलने एकच मोठी काट मारली.

"हे प्रत्यय आहेत. मला नामं आण," म्हणाले. "प्रत्ययवाला शब्द पाचात एखादा चालेल. तोही मतल्यात नको."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'ऊन' हा शब्द 'ऊन' असतो तो फक्त एकटा असताना. त्याला प्रत्यय लागला की 'उन्हात', 'उन्हाला', 'उन्हाचं'. दीर्घ ऊ जातो, कुठूनसा 'ह' येतो. 'सून'चं 'सुनेला' होतं, 'खून'चं 'खुनाचा'. म्हणजे हा शब्द ओळीच्या शेवटी हवा असेल तर तो वाक्याचा कर्ता तरी असला पाहिजे, नाहीतर साधं कर्म. 'उन्हात उभा' म्हणायचं झालं तर शब्द शेवटी ठेवताच येणार नाही. मला ओळ 'डोक्यावरती ऊन' अशी सुचली होती म्हणून ती टिकली. 'उन्हात बाप' असं सुचलं असतं तर हा सगळा खटाटोपच झाला नसता.

दुसरी गोष्ट मात्रांची, म्हणजे साधारणपणे ऱ्हस्व अक्षराला एक आणि दीर्घाला दोन असं मोजायचं. ओळ त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. बाप उभा बां, आठ. धावर अजुनी, आठ. डोक्यावरती, आठ. आणि मागे उरलेल्या तीन मात्रांत एकटं ऊन. एकूण सत्तावीस. ती शेवटची तीन मात्रांची जागा म्हणजे जणू त्या शब्दासाठी राखून ठेवलेली खोली. तिथे अर्जुन, फाल्गुन, मिथुन बसत नाहीत. ऐकताना वाटतं जुळतील, पण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, त्यांचा 'उ' ऱ्हस्व. 'जुन' दोनच मात्रांचं. मी 'फाल्गुन'वर एक अख्खा शेर रचून नेला होता, तो तिथेच गेला. वाईट वाटलं. पण ऱ्हस्वदीर्घ हा शाळेत मार्क कापायचा नियम नसून कानाचा नियम आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

तिसरी गोष्ट आमच्या भागापुरती. वऱ्हाडात आम्ही 'ण'चा 'न' करतो. पाणी आमच्या तोंडी पानी, लोणी लोनी. त्यामुळे माझ्या यादीत 'खूण' होती आणि मला ती 'ऊन'शी बिनचूक जुळलेली ऐकू येत होती. सर म्हणाले, "तुझ्या आईच्या तोंडून जुळते. कागदावर नाही." खूण गेली. चांगला शब्द होता.

घरी येऊन नव्या पानावर नव्याने सुरुवात केली. ही पद्धत सरांनीच दिली आणि आखूड शब्दासाठी याहून चांगली मला माहीत नाही. बाराखडीतली व्यंजनं एकेक करून 'ऊन'च्या आधी ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. कून, खून, गून, घून, चून, छून, जून, झून. नुसता ध्वनी ऐकायचा आणि अर्थ आपोआप येतो का बघायचं. एक फेरी झाली की जोडाक्षरं घ्यायची (न्यून त्यातच सापडलं). मग पुढे एक अक्षर जोडून तीच फेरी. कानून, सलून, बलून, प्रसून, अजून. मग दोन अक्षरं. मान्सून, कारकून, पातलून. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं, याहून जास्त नाही. जास्त वेळ बसलं की कान बधिर होतो आणि सगळंच जुळल्यासारखं वाटायला लागतं.

मे संपेपर्यंत खरी नामं हाताशी आली ती इतकीच. खून, सून, जून, धून, चून, कारकून, मान्सून, कानून, न्यून. यातल्या 'चून'वर मी लगेच काट मारली. आमच्याकडे पिठल्याला, झुणक्याला चून म्हणतात. घरात रोज बोलतो तो शब्द. गझलेत कसा बसेल, असं वाटलं.

'खून' मात्र दोन आठवडे डोक्यातून जाईना. शेतकऱ्याची गझल, विदर्भातली, आणि काफिया खून. सगळं आपसूक जुळून येत होतं. त्यावर चार वेगवेगळे शेर केले. चारही वाचले की अंगावर काटा यायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचले की वाटायचं, हे माझ्या बापाबद्दल नाही. बाबा जिवंत आहेत, हट्टी आहेत, रोज पहाटे उठून शेतात जातात. तो शब्द इतका मोठ्याने ओरडत होता की बाकीचे चार शेर ऐकूच आले नसते. यादीत तो अजून आहे, पण गझलेत घेतला नाही. यमकासाठी दुःख वाढवून सांगणं मला जमलं नाही, आणि जमायला नको.

जून उजाडला. त्या वर्षी मान्सून केरळातच ८ जूनला पोचला आणि मग रेंगाळला. अकोल्यात दिवस तापलेले, कृषी केंद्रांसमोर लोक बियाण्याच्या पिशव्यांकडे बघत नुसते उभे. बाबांचा फोन आला की मी पाऊस विचारायचो आणि ते म्हणायचे, "नाई." एवढंच. १४ जूनला रात्री विजेचा लपंडाव चालला होता, गच्चीवर सतरंजी टाकून पडलो होतो. शेजारच्या घरात कुणीतरी म्हणालं, "जून कुठं अडकला यंदा?" मी उठून बसलो. 'जून' हा शब्द महिनाभर वहीत पडून होता. तो माणसासारखा वाटेत कुठे थांबू शकतो हे मला सुचलं नव्हतं.

कोण्या गावी वस्तीला बघ थांबुन बसला जून

अंधारात मोबाईलच्या उजेडात मात्रा मोजल्या. आठ, आठ, आठ, तीन. हात कापत होते. खरं सांगतो, तोवरच्या आयुष्यात असा आनंद मला फार थोड्या वेळा झाला होता.

सकाळी सरांना फोनवर ओळ वाचून दाखवली. "बघ कशाला?" त्यांनी विचारलं. "दोन मात्रा भरायला," मी म्हणालो. "मग काढ. भरीचा शब्द यमकाच्या आधी आला की यमक पोकळ वाजतं." तीन दिवस गेले. वस्तीला, राहायला, उतरायला. शेवटी 'मुक्कामाला' आला आणि एकट्याने आठही मात्रा घेऊन बसला.

बाप उभा बांधावर अजुनी डोक्यावरती ऊन
कुठल्या गावी मुक्कामाला थांबुन बसला जून

मतला झाला की पुढचं सोपं असतं असं लोक म्हणतात. 'सून' खरंच एका दिवसात आली. लग्न होऊन आठवडा झालेल्या एका मुलीला मी आमच्या गावच्या वाटेवर घागर घेऊन जाताना पाहिलं होतं, ते दृश्य तयारच होतं.

दोन कोस पाण्याला जावे भल्या पहाटे रोज
हातांवरची मेंदी ओली, घागर घेते सून

'धून' विहिरीच्या रहाटात सापडली, तिला पाच दिवस लागले. 'कारकून'ने मात्र फार छळलं. मी स्वतः कारकून आहे आणि मला तो शब्द हवाच होता. 'पंख्याखाली बसतो त्याचा पोरगा कारकून' अशी ओळ केली. मोजली तर सत्तावीस भरतात. पण म्हणून बघा, 'पोरगा'पाशी जीभ अडखळते, कारण पाच मात्रांचा शब्द चार-चारच्या ठेक्यावर आडवा पडतो. बोटं हो म्हणतात आणि तोंड नाही म्हणतं तेव्हा तोंडाचं ऐकावं. आठवडाभर झटून मी तो शेर सोडला. त्याच्या जागी सरांनी परवानगी दिलेला एक प्रत्ययाचा काफिया घेतला, 'आतून'.

मुंबईत आणि दिल्लीत त्या वर्षी मान्सून एकाच दिवशी पोचला, २५ जूनला. पेपरात मोठी बातमी होती, असं १९६१ नंतर पहिल्यांदाच झालं म्हणे. त्याच रविवारी मी गावी होतो. आमच्याकडेही तोवर शिडकावा झाला होता आणि बाबा सकाळपासून शेतात. आईने दुपारी शिदोरी बांधायला घेतली. जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं, त्यावर तीन ज्वारीच्या भाकरी, मधल्या भाकरीवर चून पसरलेलं, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, एक कांदा न चिरता तसाच. चारही टोकं ओढून तिने गाठ मारली आणि माझ्याकडे दिली. "घेऊन जाय बाबाले. चून गरम हाये तवर."

मी फडकं हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. तळहाताला चून गरम लागत होतं. माझ्या पाचव्या शेराचा काफिया मी महिन्यापूर्वी स्वतःच्या हाताने खोडला होता. शेतात पोचेपर्यंत ओळ तयार होती.

भेग भेग या रानामधली मोजुन झाली आज
फडक्यामध्ये बांधुन आली भाकर आणिक चून

सरांना ऐकवलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा शेवटून दुसरा ठेव. याच्या नंतर आतून."

आता पाठवण्याबद्दल. एका दिवाळी अंकाचं आवाहन व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. साहित्य ३१ जुलैपर्यंत पोचलं पाहिजे, युनिकोडमध्ये टाइप केलेलं, सोबत अप्रकाशित असल्याचं सहीचं हमीपत्र, पाच ओळींत परिचय आणि पासपोर्ट फोटो. ईमेल चालेल, पण हमीपत्राची मूळ प्रत टपालाने. मी कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून तीस रुपयांत टाइप करून घेतलं आणि ते कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये निघालं. ईमेलमध्ये चिकटवलं की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. हे आधी विचारून घ्या, आमच्या भागात बहुतेक दुकानं अजून कृतिदेवच वापरतात. शेवटी मोबाईलवर स्वतः टाइप केलं, अर्धा तास लागला. टाइप करताना 'घेउन', 'मोजुन', 'थांबुन' हे वृत्तासाठी ऱ्हस्व केलेले शब्द कीबोर्ड आपोआप दीर्घ करत होता. प्रत्येक ओळ पाठवण्यापूर्वी पुन्हा मोजा. २९ जुलैला, शनिवारी, स्पीड पोस्ट केलं, एकेचाळीस रुपये. पावती जपून ठेवली.

मग वाट बघणं. ऑगस्ट कोरडा गेला, पावसाचाही आणि टपालाचाही. पोचल्याचं उत्तरही नाही. दहा सप्टेंबरला मी विचारणारा ईमेल केला, दोन ओळींचा, नम्र. गणपतीच्या दिवसांत, २१ सप्टेंबरला उत्तर आलं. गझल घेतली आहे, चार पानांच्या गझल विभागात येईल, मानधन देता येणार नाही, अंकाच्या दोन प्रती पाठवू. ऑफिसात टेबलाशी बसून ते मी तीनदा वाचलं आणि बाहेर जाऊन आईला फोन केला. तिने विचारलं, "चूनवालं तसंच ठेवलं का त्याइनं?" तसंच ठेवलं होतं.

अंक ६ नोव्हेंबरला आले. एक प्रत मूर्तिजापूरला सरांना द्यायची होती, ती वाटेत देऊन पाडव्याला गावी गेलो. सरांची प्रत मात्र संध्याकाळपर्यंत उघडायला नको असं त्यांना सांगून ठेवलं, आधी घरी वाचायचं होतं.

बाबा ओसरीवर बसले होते. मी वाचलं, सावकाश, पाचही शेर. आई आतून दाराशी येऊन उभी राहिली. 'भाकर आणिक चून'ला तिने पदर तोंडाला लावला. बाबा जमिनीकडे बघत ऐकत होते. संपल्यावर काही वेळाने म्हणाले, "पयली ओळ पुन्हा म्हन."

म्हटली.

"बांध कायचा रे? आपल्याकडं धुरा म्हंतेत. मी धुऱ्यावर उभा असतो."

मी बोटांवर मोजलं. बाप उभा धुऱ्यावर, एक मात्रा कमी पडते. मग शब्द उलटे केले. बाप धुऱ्यावर, आठ. उभा अजूनी, आठ. आता 'अजूनी'चा 'जू'ही दीर्घच बसत होता, तो आखडायची गरज उरली नव्हती. खिशातून पेन काढून छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं.

बाप धुऱ्यावर उभा अजूनी डोक्यावरती ऊन

मग सरांना फोन लावला, त्यांच्या प्रतीतही तेवढं दुरुस्त करून घ्या म्हणून सांगायला.